सिडनी शहरांत स्वतःच्या पायांवर

मुलगा किंवा मुलगी परदेशीं स्थायिक झाली, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आईबापांस तिकडून बोलावणें येतें. पुण्यामुंबईच्याच नव्हे, तर सांगली, सातारा, नाशिक, रत्नागिरी अशा ठिकाणच्याही कितीतरी घरांतून हा अनुभव आतां जुना झाला आहे. तयारी मोठ्या हौसेनें होते. तिकडील सरकार खाद्यपदार्थांच्या बाबतींत फार कडक असल्यामुळें बरोबर काय न्यावें आणि काय नेऊं नये याचा खल महिनाभर चालतो. नातवंडांसाठीं गोष्टींचीं पुस्तकें, सुनेसाठीं साडी, अशी बांधाबांध होऊन एकदांचें विमान सुटतें. पहिला आठवडा कौतुकांत जातो. पुढें सोमवार उजाडतो. मुलगा आणि सून कामावर जातात, मुलें शाळेंत जातात, आणि त्या प्रशस्त, नीटनेटक्या घरांत दोन वडील माणसें उरतात. खिडकींतून पाहावें तर रस्त्यावर मनुष्य दिसत नाहीं. बाहेर पडावें तर जावें कोठें हें ठाऊक नाहीं. मग शनिवारची वाट पाहावयाची, आणि शनिवारीं मुलगा मोटारींतून जेथें नेईल तेवढाच देश पाहावयाचा.

अशा रीतीनें तीन-चार महिने काढून परत आलेलीं माणसें "देश सुंदर आहे, मुलांचें उत्तम चाललें आहे" एवढें सांगून थांबतात. आयुष्यभर स्वतःच्या पायांनीं हिंडलेल्या आपल्याला तेथें साध्या कोथिंबिरीसाठींही दुसऱ्याच्या मोटारीची वाट पाहावी लागली, हें तीं सहसा बोलून दाखवीत नाहींत. यांत मुलांचा दोष नसतो. त्यांना पोटामागें धांवावें लागतें. आईबापांचाही नसतो. परकें शहर आपल्याला एकट्यानें झेपणार नाहीं, ही दोन्ही बाजूंची समजूत तेवढी आड येते. ऑस्ट्रेलियांतील सिडनी या शहरापुरती तरी ती समजूत खरी नाहीं, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. दादर स्टेशनाचा जिना सायंकाळीं सहा वाजतां जो चढला आहे, त्यानें सिडनीस भ्यावें असें तेथें कांहींच नाहीं.

बंदर आधीं समजून घ्यावें

कोणत्याही शहरांत हिंडावयाचें, तर त्याची ठेवण आधीं डोक्यांत बसली पाहिजे. सिडनीची ठेवण तेथील बंदरानें ठरविली आहे. प्राचीन काळीं तेथें एका नदीचें खोरें होतें. हिमयुग ओसरून समुद्राची पातळी चढली, तेव्हां तें खोरें पाण्याखालीं गेलें आणि दूरवर आंत शिरलेलें, ठिकठिकाणीं फांटे फुटलेलें एक खोल बंदर तयार झालें. कोंकणांतील खाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढें हें चित्र सहज उभें राहील. या बंदराच्या दक्षिण कांठावरील एका लहानशा आखातांत २६ जानेवारी १७८८ रोजीं इंग्रजांच्या पहिल्या ताफ्यांतील माणसें, म्हणजे बहुतांशीं कैदी आणि त्यांच्यावरील शिपाई, उतरलीं. त्यापूर्वीं हजारों वर्षें ती भूमि तेथील मूळच्या गॅडिगल लोकांची होती. त्याच आखाताच्या कांठीं आज 'सर्क्युलर की' हें ठाणें आहे. इंग्रजींत 'की' म्हणजे धक्का. आगगाडी, ट्राम, बस आणि बोट हीं चारही वाहनें येथें एकत्र येतात. पाहुण्यानें सिडनींतील एकच नांव पाठ करावयाचें ठरविलें, तर तें हें करावें. कारण वाट चुकली तरी येथें परत आलें, कीं सर्व दिशा पुन्हां मोकळ्या होतात.

बंदरानें शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग पाडले आहेत. त्यांना जोडणारा पोलादी कमानीचा प्रसिद्ध पूल १९ मार्च १९३२ रोजीं खुला झाला. त्याच्या कमानीची लांबी ५०३ मीटर असून मोटारी, आगगाड्या आणि पायीं चालणारीं माणसें या सर्वांना त्यावरून वाट आहे. पूल होण्यापूर्वीं उत्तरेकडील रहिवाशास शहरांत येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे बोट. या पुलामागें ज्यांचे परिश्रम आहेत, त्या ब्रॅडफील्ड नांवाच्या इंजिनियरांनींच शहराच्या पोटांतून जाणाऱ्या रेल्वेची योजना आंखली. तींतील पहिलीं भुयारी स्टेशनें डिसेंबर १९२६ मध्यें उघडलीं आणि १९५६ सालीं सर्क्युलर कीचें स्टेशन होऊन तें वर्तुळ पुरें झालें.

आपल्याकडील वाचकांस एका साम्याची मौज वाटेल. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली. सिडनीहून पॅरामॅटा या गांवीं ती २६ सप्टेंबर १८५५ रोजीं गेली. म्हणजे आगगाडीच्या बाबतींत मुंबई सिडनीहून दोन वर्षांनीं वडील आहे. ट्रामचीही कथा अशीच. सिडनीनें आपल्या ट्रामगाड्या १९६१ सालीं मोडींत काढल्या, मुंबईनें १९६४ सालीं. जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊस ज्या भूशिरावर उभें आहे, तेथें पूर्वीं ट्रामगाड्यांचें आगार होतें. पुढें सिडनीस पश्चात्ताप झाला म्हणा किंवा गरज भासली म्हणा, १९९७ पासून तेथें ट्राम नव्या रूपानें परत आली.

दिशांविषयीं एक इशारा येथेंच देऊन ठेवतों. सिडनी पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत आहे. त्यामुळें तेथें मध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे असतो. आपल्याकडील वडील माणसें नकळत सूर्यावरून दिशा ओळखतात, आणि तेथें तीच संवय त्यांना नेमकी उलट वाटेनें घेऊन जाते. पहिले कांहीं दिवस सूर्याची साक्ष काढूं नये, पाट्यांची काढावी. डिसेंबर-जानेवारींत तेथें कडक उन्हाळा असतो, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली यांवांचून बाहेर पडूं नये.

एक कार्ड, चार वाहनें

शहराची ठेवण समजल्यावर पुढचा प्रश्न तिकिटाचा. सिडनींत याचें उत्तर फार सोपें आहे. डिसेंबर २०१२ पासून तेथें 'ओपल' नांवाचें कार्ड टप्प्याटप्प्यानें सुरू झालें. ओपल हें ऑस्ट्रेलियाच्या खाणींत सांपडणाऱ्या एका रंगीत रत्नाचें नांव. नाक्यावरच्या दुकानांत तें मिळतें. त्यांत पैसे भरून ठेवावयाचे, आणि आगगाडी, मेट्रो, ट्राम, बस व सरकारी बोट या सर्वांस तेंच चालतें. चढतांना कार्ड यंत्रास टेकवावें, उतरतांना पुन्हां टेकवावें. किती अंतर झालें याचा हिशेब यंत्र करतें. बँकेचें कार्ड किंवा मोबाईलही त्याच रीतीनें टेकवितां येतो. परंतु आपल्या भारतांतील बँकेचें कार्ड वापरल्यास चलन बदलण्याचा आकार बँक वेगळा लावण्याचा संभव असतो, म्हणून दीर्घ मुक्कामास ओपल बरें.

या व्यवस्थेंतील कांहीं गोष्टी पहिल्या दिवशींच ध्यानांत ठेवाव्या. प्रत्येक माणसास स्वतंत्र कार्ड लागतें. पतिपत्नींस एकाच कार्डावर प्रवास करतां येत नाहीं. ज्या कार्डानें प्रवासास आरंभ केला, त्याच कार्डानें तो संपविला पाहिजे. उतरतांना कार्ड टेकविण्याचें राहिलें, तर यंत्र आपण शेवटच्या टोंकापर्यंत गेलों असें धरून मोठ्यांत मोठें भाडें कापून घेतें. ट्रामच्या थांब्यांवर फाटकें नसून नुसते यंत्राचे खांब असतात. तेथें ही विस्मृति हमखास होते. कार्ड न टेकवितां प्रवास करणें हा गुन्हा आहे, तपासनीस हिंडत असतात, आणि दंड चांगलाच बसतो. बसच्या चालकास रोख पैसे देऊन तिकीट घेण्याची सोय आतां राहिलेली नाहीं; तेव्हां कार्डावांचून थांब्यावर जाण्यांत अर्थ नाहीं.

काटकसर करणाऱ्यांस आवडतील अशाही कांहीं सोयी आहेत. दिवसभरांत आणि आठवडाभरांत एकंदर भाडें ठराविक मर्यादेपलीकडे जात नाहीं. ती मर्यादा गांठल्यावर पुढील प्रवास जवळजवळ फुकट होतो. शुक्रवार, शनिवार व रविवार या दिवशीं रोजची मर्यादा आणखी कमी असते. सोमवार ते गुरुवार सकाळीं साडेसहा ते दहा आणि दुपारीं तीन ते सात या गर्दीच्या वेळा धरल्या आहेत. त्या चुकविल्यास आगगाडी, मेट्रो, ट्राम व बस यांचें भाडें कमी पडतें. घरकाम आटोपून दहानंतर निघणें आणि मुलांची शाळा सुटण्यापूर्वीं परतणें हा आजी-आजोबांचा स्वाभाविक क्रम असल्यामुळें ही सवलत जणूं त्यांच्यासाठींच ठेवलेली आहे. चार वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं, आणि चार ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचें कार्ड वेगळें असतें. वृद्धांचें सोनेरी कार्ड मात्र तेथील रहिवासी ज्येष्ठांसाठीं आहे. पाहुण्यांनीं त्याची आशा धरूं नये. तसेंच विमानतळाच्या दोन स्टेशनांवर नेहमींच्या भाड्याशिवाय एक वेगळा आकार पडतो, तो आधींच माहीत असलेला बरा.

आगगाडी आणि मेट्रो

सिडनीची आगगाडी दुमजली आहे. दारांतून शिरल्यावर एक जिना वर जातो व एक खालीं. गुडघेदुखी असलेल्यांनीं दोन्हींचा मोह सोडून दाराजवळच्या सपाट जागेंतील बांकावर बसावें. त्या जागा वडील व अपंग माणसांसाठीं राखलेल्याच असतात. पुष्कळ डब्यांतील बांकांची पाठ पुढेंमागें ढकलतां येते, त्यामुळें गाडी कोणत्याही दिशेस जावो, आपणांस तोंड पुढें करून बसतां येतें. आणि चौघे असल्यास समोरासमोर बसून गप्पाही मारतां येतात.

फलाटावरील फलकावर पुढील गाडी कोणती आणि ती कोणकोणत्या स्टेशनांवर थांबणार यांची यादी दिसते. मुंबईच्या जलद व धीम्या गाड्यांप्रमाणें तेथेंही कांहीं गाड्या मधलीं स्टेशनें टाळतात; तेव्हां आपल्या स्टेशनाचें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून पाऊल आंत टाकूं नये. शनिवार-रविवारीं पुष्कळ वेळां रुळांची दुरुस्ती चालते आणि कांहीं मार्गांवर आगगाडीऐवजीं बसगाड्या सोडतात. यानें घाबरून जाऊं नये. स्टेशनावर पाट्या व माणसें ठेवलेलीं असतात, आणि तीं सांगतील त्या बसमध्यें बसावें. फलाटावर मदतीचें बटण असलेला खांबही असतो. तें दाबलें, कीं पलीकडून माणूस बोलतो.

मेट्रो ही आगगाडीहून निराळी. तिचा पहिला भाग २६ मे २०१९ रोजीं वायव्येकडील उपनगरांत सुरू झाला, आणि १९ ऑगस्ट २०२४ पासून ती बंदराच्या तळाखालून शहराच्या मध्यभागांत येऊन पुढें सिडनहॅमपर्यंत जाऊं लागली. या गाडीस चालक नाहीं. फलाटाच्या कडेस कांचेची भिंत असून गाडी येऊन थांबल्यावर भिंतींतील दारें आणि गाडीचीं दारें एकाच वेळीं उघडतात. त्यामुळें रुळावर पडण्याची भीति नाहीं. फलाट आणि डबा एका पातळींत असल्यानें काठी घेऊन चालणारांस ती सर्वांत सोयीची. सरकत्या जिन्यावर मात्र तेथील रिवाज पाळावा: उभें राहावयाचें तें डाव्या बाजूस, उजवी बाजू घाईच्या माणसांस मोकळी.

सर्व प्रवासांत एक मौजेचा प्रवास म्हणजे शहरांतील विनयार्ड स्टेशनापासून उत्तरेकडील मिल्सन्स पॉईंटपर्यंतचा. गाडी भुयारांतून वर येते ती एकदम पुलावर. एकाच स्टेशनाचें अंतर, पण तेवढ्यांत सारें बंदर पायांखालीं पसरलेलें दिसतें. मिल्सन्स पॉईंटला उतरून, प्रकृति चांगली असल्यास, पुलाच्या पूर्वेकडील पादचाऱ्यांच्या वाटेनें चालत परत यावें. त्यास पैसे पडत नाहींत. आणि ज्यांना चालणें नको, त्यांनीं सर्क्युलर की स्टेशनाच्या फलाटावर दहा मिनिटें नुसतें उभें राहावें. तो फलाट उंचावर असून समोर पूल, खालीं धक्के आणि बोटींची येजा, असा देखावा तेथून दिसतो.

बसची रीत

आगगाडी जेथें पोंचत नाहीं, तेथें बस पोंचते. मुलांचीं घरें बहुधा अशाच उपनगरांत असल्यामुळें पाहुण्याचा पहिला संबंध बसशींच येतो. तिची रीत थोडीशी निराळी आहे. बस आपण होऊन प्रत्येक थांब्यावर उभी राहत नाहीं. तिच्या कपाळावरील क्रमांक ओळखून हात पुढें करावा लागतो. पुढच्या दारानें चढावें, कार्ड टेकवावें आणि बसावें. कंडक्टर नसतो. उतरावयाचें ठिकाण आलें, म्हणजे खांबावरील लाल बटण आधींच दाबावें. चढतांना पायरी उंच वाटली तर चालकास सांगावें. बसची पुढची बाजू खालीं वांकविण्याची सोय पुष्कळ बसगाड्यांना असते.

उतरतांना तेथील बरेच लोक चालकास मोठ्यानें "थँक यू" म्हणतात. शाळेंतलीं पोरें म्हणतात, कचेरींतला मनुष्य म्हणतो, आणि चालकही मान हालवून उत्तर देतो. आपल्या वडील माणसांनीं ही चाल अवश्य उचलावी. चार दिवसांत तोच चालक आपणांस ओळखूं लागतो, आणि परक्या गांवांत ओळखीचा एक चेहरा मिळणें ही लहान गोष्ट नव्हे.

तेथेंही आपल्याप्रमाणें वाहनें रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात. म्हणून परतीचा थांबा बहुतकरून जातांनाच्या थांब्याच्या समोरच, रस्त्यापलीकडे असतो. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली तरी निम्मी काळजी मिटते. उपनगरांतील बसगाड्या मात्र वरचेवर नसतात. संध्याकाळनंतर आणि रविवारीं तर त्या फारच विरळ होतात. तेव्हां शेवटची सोयीची बस कोणती, हें निघण्यापूर्वींच पाहून ठेवावें.

बोटींतला आनंद

सिडनींत येऊन बोटींत न बसणें म्हणजे काशीस जाऊन गंगा न पाहणें होय. सर्क्युलर कीच्या धक्क्यांवरून चारही बाजूंस बोटी सुटतात, आणि त्यांचें भाडें त्याच ओपल कार्डांतून जातें. कोणत्या धक्क्यावरून कोणती बोट निघणार, हें मोठ्या फलकावर लिहिलेलें असतें. त्याच धक्क्यांवर खासगी कंपन्यांच्याही बोटी लागतात. त्यांचें भाडें निराळें व बहुधा अधिक असतें, म्हणून फलक नीट वाचून मगच आंत शिरावें.

पहिली बोट मॅन्लीची घ्यावी. सुमारें अर्ध्या तासाचा हा प्रवास. बोट ऑपेरा हाऊसच्या बाजूनें निघून बंदराच्या मुखासमोरून जाते. तेथें दोन उंच कड्यांमधून महासागर दिसतो आणि मोठ्या लाटांचा हेलकावाही बसतो. ज्यांना बोट लागते त्यांनीं मध्यभागीं, खालच्या मजल्यावर बसावें. या मार्गासाठीं १९८२ पासून आणलेल्या मोठ्या बोटींची रचना पाहण्यासारखी आहे: दोन्ही टोंकें सारखींच, त्यामुळें परत फिरतांना बोट वळवावी लागत नाहीं; आपली लोकलगाडी जशी दोन्ही बाजूंनीं चालते तशीच ही. मॅन्लीस उतरल्यावर दहा मिनिटें सरळ चाललें, कीं पलीकडे पॅसिफिक महासागराचा किनारा लागतो.

दुसरी बोट प्राणिसंग्रहालयाची. टरोंगा येथील हें संग्रहालय १९१६ पासून बंदराच्या उत्तर कांठीं आहे, आणि नातवंडांना आजी-आजोबांनीं स्वतः घेऊन जाण्यासारखें याहून चांगलें ठिकाण नाहीं. तिसरी बोट पॅरामॅटा नदीची. ती बंदरांतून नदींत शिरते, आणि कांठावरचे बंगले, बगीचे, खारफुटीचीं झाडें पाहत पाहत एक-दीड तासांत पश्चिमेकडे नेते. सर्वांत वरच्या टप्प्यांत पाणी उथळ असल्यामुळें ओहोटीच्या वेळीं कांहीं फेऱ्या अलीकडेच थांबतात. निघण्यापूर्वीं तेवढी चौकशी करावी. जातांना बोट आणि येतांना आगगाडी, असा बेत केला तर दिवस कसा जातो तें कळत नाहीं.

पहिल्या आठवड्याचा अभ्यासक्रम

एवढें सारें एकदम अंगावर घ्यावें असें मुळींच नाहीं. आमची सूचना अशी आहे. पहिल्या दिवशीं मुलाबरोबर किंवा सुनेबरोबर घरापासून थांब्यापर्यंत फक्त चालत जाऊन यावें आणि वाटेंतल्या खुणा ध्यानांत घ्याव्या. दुसऱ्या दिवशीं बसमध्यें बसून जवळच्या आगगाडीच्या स्टेशनापर्यंत जावें व परत यावें. तिसऱ्या दिवशीं हीच फेरी पुन्हां करावी. परंतु आतां वाट आपण दाखवावी आणि मुलानें मुकाट्यानें मागून यावें. चौथ्या दिवशीं दोघांनींच जावें. पुढच्या आठवड्यांत शहर, आणि त्यापुढच्या आठवड्यांत बोट.

बरोबर एक लहानशी वही असावी. तींत घराचा पत्ता, जवळच्या स्टेशनाचें व थांब्याचें नांव, बसचा क्रमांक आणि घरांतील सर्वांचे दूरध्वनि क्रमांक इंग्रजींत स्वच्छ लिहून ठेवावे. मोबाईलमध्यें आज नकाशा असतो, तो बसचा क्रमांक व फलाटही सांगतो आणि तो वापरण्यास शिकावेंच. परंतु मोबाईलची बॅटरी संपते, वहीची संपत नाहीं. उच्चार परके वाटतात म्हणून विचारण्यास लाजूं नये. कागदावरील नांव पुढें केलें, तर सिडनीचा मनुष्य थांबून वाट दाखवितो असाच बहुतेकांचा अनुभव आहे. या शहरांतील कितीतरी लोक स्वतःच परदेशांतून आलेले आहेत, आणि अडखळत बोललेलें इंग्रजी त्यांच्या कानांस नवें नाहीं.

जावयाचें कोठें, असा प्रश्न पडल्यास पॅरामॅटाजवळील हॅरिस पार्क हें स्टेशन सांगावेंसें वाटतें. स्टेशनाच्या आसपास भारतीय दुकानांची व खाणावळींची ओळच आहे. पीठ, डाळी, मसाले यांची खरेदी करावी, दोन देशी माणसांशीं बोलावें आणि पिशवी भरून परत यावें. सुनेनें सायंकाळीं घरीं येऊन पाहावें, तों भाजी निवडून ठेवलेली आहे आणि ती सासूबाईंनीं स्वतः जाऊन आणलेली आहे! त्या पिशवीचें मोल पैशांत होणार नाहीं. दूरचा बेत करावयाचा असल्यास ब्लू माउंटन्स या डोंगराळ प्रदेशांतील कटूंबा हें गांव घ्यावें. शहरांतील सेंट्रल स्टेशनाहून आगगाडी सुमारें दोन तासांत तेथें पोंचविते, आणि ओपल कार्ड तेथपर्यंत चालतें. महाबळेश्वरची आठवण करून देणारे कडे आणि दऱ्या तेथें आहेत.

सर्वच ठिकाणीं असें जातां येतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शहराच्या दक्षिणेस हेलेन्सबर्ग येथें श्रीव्यंकटेशाचें मोठें मंदिर आहे. आगगाडी त्या गांवीं जाते, पण स्टेशनापासून मंदिर लांब पडतें. अशा ठिकाणीं, तसेंच रात्रीं उशिरां कोणाकडे जेवणास जावयाचें असतां, मोटारीस पर्याय नाहीं. कोणतें काम मुलाचें आणि कोणतें आपलें, याची वांटणी करतां आली म्हणजे झालें.

मुलांना आणि सुनांना दोन शब्द

शेवटीं एक गोष्ट परदेशांतील मुलामुलींस सांगावयाची आहे. आईबाबांना आपण कोठेंही एकटे जाऊं देत नाहीं, यांत तुमचें प्रेम आहे हें कोणीही मान्य करील. परंतु ज्या बापानें तुम्हांस सायकल शिकवितांना एका क्षणीं मागचा हात सोडला, त्यालाही तुम्हांस पडतांना पाहण्याची भीति होतीच. आज हात सोडण्याची पाळी तुमची आहे. शनिवारीं मोटारींतून दहा ठिकाणें दाखविण्यापेक्षां पहिल्या आठवड्यांत एक दिवस रजा घेऊन त्यांना बसमध्यें बसवा, कार्ड त्यांच्या हातीं द्या, आणि यंत्रास तें त्यांनाच टेकवूं द्या. रोज सायंकाळीं "आज कोठें गेलां होतां?" असें तुम्ही विचारावें आणि त्यांनीं सांगावें, हा क्रम सुरू झाला, म्हणजे जेवणाच्या पानावरचें बोलणें बदलतें. एरवीं दिवसभराच्या गोष्टी सांगणारे तुम्हीच असतां आणि ऐकणारे ते. आतां त्यांच्याजवळही सांगण्यासारखें कांहीं असतें.

आणि वडील मंडळींनींही मनांत आणावें. मुलाच्या घरीं आपण पाहुणे आहों ही भावना जाण्यास वर्षें लागतात असें म्हणतात. पण तेथील बसमधून एकट्यानें जाऊन, भाजी घेऊन, ठरल्या वेळीं आपल्याच किल्लीनें दार उघडून घरांत पाऊल टाकलें, कीं ती त्याच दिवशीं बरीचशी जाते. सिडनीचें बंदर सुंदर आहे यांत शंका नाहीं. तें मोटारीच्या कांचेंतून पाहिलेलें निराळें, आणि आपल्या कार्डानें, आपल्या वेळेस, मॅन्लीच्या बोटीच्या कठड्याशीं उभें राहून पाहिलेलें निराळें. पुढचें बोलावणें येईल, तेव्हां सामानाच्या यादींत तेवढी एक लहान वही लिहून ठेवावी.